शेंदूर लावलेली पिंपे

सन २०१० च्या एप्रिल महिन्याच्या सतराव्या तारखेस, शनिवारी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, रत्नागिरी जिल्ह्यातील एका औद्योगिक वसाहतीत, ज्या रंगकारखान्यात मी सुरक्षा अधिकारी म्हणून नोकरीस होतो त्याच्या मागील आवारात, मी सोनू भुवड यांना अकरा पिंपांवरचा शेंदूर घासून काढण्याचा हुकूम दिला.

"घासू?" सोनू म्हणाले.

"घासा. रॉकेल घ्या, चिंध्या घ्या, नाहीच निघाला तर पत्र्याने खरवडा. सोमवारी जर्मन पाहुण्या बाई येण्याआधी या आवारात एकही लाल ठिपका दिसता कामा नये."

"देवाची हायत ती, साहेब."

"कोणत्या देवाची?"

"राखनदाराची." त्यांनी तारेच्या कुंपणापलीकडे, गावाच्या शिवेवरच्या काजूच्या झाडाकडे हात केला. झाडाखाली एक उभा दगड होता. "ज्याला शेंदूर, ते त्याचं. त्याला कोन हात लावीत नाय."

सोनू भुवड त्या आवारात सव्वीस वर्षे काम करीत होते. कच्च्या मालाची पिंपे रिकामी झाली की त्यांच्याकडे येत. ती धुणे, वाळवणे, रचून ठेवणे हे त्यांचे काम. दरवर्षी एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी, विहिरींचे तळ दिसू लागले की, कारखाना धुतलेली पिंपे शेजारच्या गावाला पाणी साठवायला फुकट वाटून टाकी. कोणते पिंप द्यायचे आणि कोणते नाही हे सोनू ठरवीत. त्याची कुठे नोंद नव्हती. काही पिंपांच्या खांद्यावर मात्र पंजाएवढा शेंदूर तेलात कालवून फासलेला असे आणि पायाशी नारळाची करवंटी उपडी घातलेली असे. ती पिंपे आवारातून हलत नसत. वर्षा-दोन वर्षांनी गंजली की सोनू ती स्वतः चेचून टाकीत.

मला हे सारे ओंगळ वाटे. मी रसायनशास्त्राचा पदवीधर, आणि जुन्या मराठी गद्याचा उपासक. एका अर्थाला एक शब्द आणि एका वस्तूला एक खूण, हा माझा दोन्हीकडचा धर्म होता. त्या वर्षी त्या धर्माला राजाश्रय मिळाला. डिसेंबरपासून युरोपात रसायनांच्या वर्गीकरणाचे आणि लेबलांचे नवे नियम लागू व्हायचे होते. लाल चौकटीतली नऊ चित्रे, ठरलेली वाक्ये, ठरलेला क्रम. आपल्याकडे असा कायदा झालेला नव्हता. परंतु आमचे मोठे गिऱ्हाईक जर्मनीत होते. मालक म्हणाले, "पाध्ये, कायदा त्यांचा असेल, पण माल आपला आहे ना? मग कायदाही आपलाच." मला तेवढे पुरे होते. मुंबईहून आलेले मराठी भाषांतर मी कचऱ्यात टाकले आणि चौसष्ट पानांची पुस्तिका स्वतः लिहिली. 'पात्र' लिहावे की 'पिंप', यावर मुद्रकाशी आठ दिवस वाद घातला. बाहेर जाणाऱ्या मालावरच नव्हे, आत येणाऱ्या प्रत्येक पिंपावरही माझे लेबल चिकटले.

"भुवड," मी म्हणालो, "ही अकरा पिंपे ॲनिलीनची होती. यांवर आता लेबल आहे. कवटीचे चित्र आहे, खाली मराठीत धोका लिहिला आहे. शेंदराचे काय काम उरले?"

"ऱ्हाऊ द्या की दोनी. तुमचा कागद खाली, माझा शेंदूर वर."

"नियमात बसत नाही. लेबलाशेजारी दुसरी खूण असली की वाचणारा गोंधळतो."

"वाचनारा गोंधळंल," सोनू म्हणाले. "न वाचनाऱ्याचं काय?"

"त्याच्यासाठी चित्र आहे."

"आनि खालची पोथी?" त्यांनी लेबल बोटाने चाचपून पाहिले. "एवढं वाचीस्तवर मानूस आडवा व्हायचा, साहेब."

आसपासची माणसे हसली. हे हसू मला झोंबले. मी म्हणालो, "विसाव्या शतकात जे केलेत ते केलेत. एकविसाव्या शतकात कारखान्यात अंगारेधुपारे चालणार नाहीत."

"मी नाय घासनार."

"का?"

ते काही बोलणार होते. ओठ हललेले मी पाहिले. पण मी तोवर रॉकेलची बाटली उचलली होती आणि पहिल्या पिंपाला चिंधी लावली होती. अकराही पिंपे मी स्वतः स्वच्छ केली. अर्धा तास लागला. सोनू टोपी हातात घेऊन उभे होते. शेवटच्या पिंपाची करवंटी मी पायाने बाजूला केली तेव्हा ते एवढेच म्हणाले, "झालं तर मग."

दुपारी मी त्यांची बदली फाटकावर केली. कागदावर कारण लिहिले: सूचनापालनात कुचराई. या दोन शब्दांवर मी तेव्हा खूश होतो.

त्याच दिवशी तीन वाजता उपाहारगृहात मी सर्व कामगारांचा वर्ग घेतला. नव्या लेबलाचा एक मोठा नमुना भिंतीला लावला आणि म्हणालो, "हे मराठी कळत नाही असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी आपण प्रयोग करू. चंद्राबाई, पुढे या."

चंद्राबाई हुमणे कचेरीत झाडलोट करीत आणि चहा देत. चाळिशी ओलांडल्यावर प्रौढांच्या वर्गात जाऊन त्या लिहा-वाचायला शिकल्या होत्या, आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. माझ्या टेबलावरचा कागद उचलण्याआधी त्या त्याची पहिली ओळ वाचल्याखेरीज राहत नसत. पदराला हात पुसत त्या पुढे आल्या आणि बोट फिरवीत खणखणीत आवाजात वाचू लागल्या: "धोका. गिळल्यास, त्वचेला लागल्यास अथवा श्वासावाटे आत गेल्यास विषारी."

"अडखळलात कुठे?"

"कुठंच नाय."

"शाबास!" मी म्हणालो. "ऐकलेत? पोथी म्हणतात हिला!"

टाळ्या पडल्या. चंद्राबाई परत गेल्या नाहीत. भिंतीजवळच उभ्या राहून म्हणाल्या, "साहेब, एक इचारू? सुगंधा येतेय माझी, बाळंतपनाला. पैली खेप. टँकर येतो आठ दिसांनी. येत्या शनिवारी पिंपं द्याल तवा मला एक बरंसं पायजे. मोठं."

"मिळेल की."

"आनि ह्यो कागद," त्या लेबलाकडे पाहत म्हणाल्या, "माल संपल्यावर ह्याचं काय करायचं? म्हनजे पिंप रिकामं झालं, की मंग ह्यो काय सांगतो?"

प्रश्न चांगला होता. त्या दुपारी विचारला गेलेला तो एकच चांगला प्रश्न होता. परंतु चहा येऊन थांबला होता, सकाळचे हसू माझ्या मनातून गेले नव्हते, आणि आता हशा माझ्या बाजूने हवा होता.

"चंद्राबाई," मी म्हणालो, "लेबल सांगते आतल्या मालाबद्दल. आत काहीच नसेल तर बिचारे काय सांगणार? रिकाम्या पिंपात काय असते? हवा! हवेला कसले लेबल?"

सगळे हसले. चंद्राबाईही हसल्या. "तेबी खरंच," त्या म्हणाल्या आणि कपबशा मांडायला गेल्या.

सोमवारी जर्मन गिऱ्हाइकाकडच्या पाहुण्या बाई आल्या. त्यांनी आवार पाहिले, लेबले पाहिली, माझी पुस्तिका हातात धरून छायाचित्र काढून घेतले आणि कारखान्याला प्रमाणपत्र दिले. ॲनिलीनची अकरा पिंपे मी दक्षिणेच्या भिंतीशी वेगळी रचून भोवती दोरी बांधली होती, आणि वर पाटी लावली होती: 'पुनःप्रक्रियेसाठी आरक्षित'. ती न्यायला येणारा ट्रक त्या आठवड्यात आला नाही. शनिवारी, चोवीस तारखेला, सोनूंच्या जागी आलेल्या नव्या माणसाने मागच्या दारातून पिंपे वाटली तेव्हा मी मालकांबरोबर मुंबईला होतो. मंगळवारी परत आलो तेव्हा दोरी पडलेली होती आणि भिंतीशी अकराऐवजी दहा पिंपे होती. ट्रकवाल्याने एक नमुन्यादाखल नेले असेल, असे मी मनाशी म्हटले. विचारायला हवे होते. पण त्या दिवशी प्रमाणपत्राला चौकट करायला द्यायची होती.

मे महिन्याच्या चौथ्या तारखेला, मंगळवारी, सकाळी अकरा वाजता सोनू भुवड फाटक सोडून माझ्या खोलीत आले. बदली झाल्यापासून ते माझ्याशी बोलले नव्हते.

"साहेब, चला," ते म्हणाले. "चंद्राच्या घरी. नातवाचे ओठ निळे पडलेत."

"डॉक्टरला बोलवा."

"गाडी सांगितलीय. तुमी चला. निळे म्हनजे निळे पडलेत, साहेब. आपल्या प्लांटात त्या पांडुरंग मिस्त्रीचे पडले व्हते, तसे."

कारखान्यापासून घर दहा मिनिटांवर होते. मी ती वाट सोनूंच्या मागोमाग जवळजवळ धावत गेलो. ओटीवर पाच-सहा बायका होत्या. आत सुगंधा भिंतीला टेकून बसली होती, आणि तिच्या मांडीवर सहा दिवसांचे मूल होते. आदल्याच दिवशी पाचवी पुजली होती. मुलाची नखे आणि ओठ पाटीवरच्या पेन्सिलीच्या रंगाचे झाले होते. रडत नव्हते. श्वास मात्र भराभर चालू होता.

"कालपासून दूध वढत नाय," चंद्राबाई म्हणाल्या. "आज न्हाऊ घातलं आनि असं झालं."

"आंघोळीचे पाणी कोणते?"

"पिंपातलं."

पिंप मागच्या पडवीत होते. निळ्या रंगाचे, जाड पत्र्याचे, अकरांतले सर्वांत चांगले. लेबल नव्हते. पत्र्यावर एक चौकोनी पांढुरका डाग तेवढा होता.

"कागद?" मी विचारले.

"धुताना निघाला. निरम्यानं तीनदा धुतलं, साहेब, दोन दिस उन्हात घातलं. वाचला व्हता मी आधी. ॲनिलीन. विषारी. म्हनून तर तीनदा धुतलं."

मी पिंपात तोंड घातले. फार अस्पष्ट, कुजकट मासळीसारखा वास होता.

"वास नाही आला?"

"आला थोडा. सुकट ठेवली असंल कोनी, म्हटलं."

खाडीकाठच्या घरात मासळीच्या वासाने कोण दचकणार? ॲनिलीन तेलासारखे असते. पत्र्याच्या घडीत, झाकणाच्या आट्यांत बसून राहते आणि कोमट पाण्याबरोबर हळूहळू सुटते. कातडीतून ते रक्तात जाते. मोठ्या माणसाचे डोके दुखते. घरातल्या सगळ्यांचे चार दिवस दुखत होते. उन्हाने दुखते असे त्यांना वाटले होते. पण नवजात बालकाला तेल चोळून, कढत पाण्याने, रोज, निगुतीने न्हाऊ घातले जाते.

गाडीतून तालुक्याच्या रुग्णालयात जाताना मूल सुगंधाच्या मांडीवर होते आणि मी पुढे बसून फोन करीत होतो. या विषावर एक उतारा आहे. त्याचे नाव मला पाठ होते. पुस्तिकेत प्रथमोपचाराच्या प्रकरणात मीच ते लिहिले होते. ते औषध तिथे नव्हते. दुसऱ्या शहरातून मोटारसायकलवर निघाले. ते पोचले तेव्हा दुपारचे सव्वातीन झाले होते आणि मूल जाऊन वीस मिनिटे झाली होती.

मुलाचे नाव ठेवलेले नव्हते. बारसे व्हायचे होते. रुग्णालयाच्या कागदावर 'सुगंधाचा मुलगा' असे लिहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या आवारात गेलो. सोनू माझ्या आधी तिथे होते. उरलेल्या दहा पिंपांचे तळ ते छिन्नीने फोडीत होते. मीही दुसरी छिन्नी घेतली. चार पिंपे झाल्यावर ते खाली बसले.

"मी कुठं देव मानतो, साहेब," ते एकाएकी म्हणाले.

"म्हणजे?"

"राखनदाराला मी नारळबी देत नाय. बायको देते." त्यांनी टोपीने घाम पुसला. "मी नवा लागलो तवा हितं पाटी व्हती. लाकडाची. 'धोका' लिवलेलं, हाडं-कवटी काढलेली. महिन्यात पाटी गेली. मी हुडकीत गेलो तर एका घरात बाई तिच्यावर बसून भाकऱ्या थापीत व्हती. चांगला पाट मिळाला म्हनाली. त्याच साली माझ्या बहिनीनं हितलं पिंप नेलं. मी नवाच, मला काय ठावं? तिचा नवरा गेला. तवा म्हटलं, ह्या गावात पाटी चालायची नाय. डब्यावर बिस्किटाचं चित्र असतं आनि आत रवा असतो. कोन बघतो चित्राकडं? पन देवाचं म्हटलं, की हात लागत नाय. मंग शेंदूर लावला. सव्वीस वर्सांत शेंदराचं एक पिंप गावात गेलं नाय."

छिन्नी माझ्या हातात होती. मी ती उगाच फिरवीत राहिलो.

"हे मला का नाही सांगितलेत?"

"सांगनार व्हतो. तुमी रॉकेल घेतलंत."

चौकशी दहा तारखेला झाली. जिल्ह्याहून कारखाना निरीक्षक आले. वयस्क, नेमस्त गृहस्थ होते. माझ्याच खोलीत बसून त्यांनी जबाब घेतले. मालक होते, मी होतो, सोनू होते, आणि दाराशी चंद्राबाई उभ्या होत्या. त्यांना बसायला सांगितले तरी त्या बसल्या नाहीत.

निरीक्षकांनी लेबल तपासले. पाटी तपासली. मग माझी पुस्तिका चाळता चाळता ते एका पानावर थांबले आणि त्यांनी मोठ्याने वाचले: "'पात्र रिकामे झाले तरी त्यात मूळ द्रव्याचे अवशेष राहतात, म्हणून रिकामे पात्र भरलेल्या पात्राइतकेच घातक समजावे.' पान एक्केचाळीस. हे तुम्ही लिहिलेत?"

"होय," मी म्हणालो.

ते वाक्य माझेच होते. त्यातल्या 'अवशेष' या शब्दासाठी मी मुद्रकाशी भांडलो होतो. त्याला 'अंश' हवा होता.

"उत्तम लिहिले आहे," निरीक्षक म्हणाले. "याच्या प्रती वाटल्या होत्या?"

"प्रत्येक विभागात एक."

"आणि कामगारांना तोंडी प्रशिक्षण?"

"सतरा एप्रिलला दिले."

"त्यात रिकाम्या पिंपांचा विषय निघाला होता?"

मी चंद्राबाईंकडे पाहिले नाही. सोनू त्या दिवशी फाटकावर होते. त्यांना काही ठाऊक नव्हते. वर्गातली बाकीची माणसे बाहेर आपापल्या कामावर होती. मला चौपन्नावे वर्ष चालू होते, मुलीचे लग्न ठरले होते, आणि भिंतीवर प्रमाणपत्राची नवी चौकट होती. आयुष्यभर मी प्रत्येक अर्ध्या चुकीच्या शब्दावर वाद घालत आलो होतो.

"पुस्तिकेच्या अनुषंगाने झाले सर्व," मी म्हणालो.

निरीक्षकांनी तसे लिहून घेतले. मग ते चंद्राबाईंकडे वळले. "बाई, तुम्हांला काही सांगायचे आहे?"

चंद्राबाईंनी पुस्तिकेच्या उघड्या पानाकडे पाहिले. लांबून वाचता येते का ते पाहत असाव्यात. "नाय," त्या म्हणाल्या.

चौकशीचा निष्कर्ष लेखी आला तो असा की लेबले व सूचना प्रमाणानुसार होत्या, आणि दुर्घटना पात्राच्या अनधिकृत वापरामुळे घडली. मालकांनी मला बोलावून पाठ थोपटली. जर्मनीला माल गेला.

चौकशीच्या त्या संध्याकाळी, निरीक्षकांची गाडी फाटकाबाहेर गेल्यावर, चंद्राबाई माझ्यासाठी चहा घेऊन आल्या. रोजच्याच वेळी, रोजच्याच कपातून. टेबलावर पुस्तिका तशीच उघडी पडली होती. त्यांनी कप ठेवला, आणि पानावर बोट ठेवून ते वाक्य सावकाश, आवाज न करता, ओठांनी वाचून काढले. कुठे अडखळल्या नाहीत. बोट पूर्णविरामापर्यंत गेले आणि तिथे थांबले.

"चंद्राबाई," मी म्हणालो, "तुम्ही त्यांना सांगितले का नाहीत?"

"त्यांनी तुमाला इचारलं व्हतं."

"मी... मला तेव्हा..."

त्यांनी मला वाक्य पुरे करू दिले नाही. त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि डोळे कोरडे होते. त्या दिवसाला आता चौदा वर्षे झाली. सोनू भुवड वारले, कारखाना दुसऱ्या मालकाकडे गेला, आणि मी निवृत्त होऊन पुण्यात राहतो. त्या संध्याकाळी मी काय उत्तर द्यायला हवे होते याची अनेक सुबक वाक्ये मी या काळात रचली आणि खोडली. त्यांतले एकही चंद्राबाईंच्या वाक्यापुढे उभे राहत नाही.

पदर सावरून त्या म्हणाल्या, "न्हाऊ मी घातलं, साहेब, ते माझं मी बघंन. पन रिकाम्यात काय नसतं, हे तुमी सांगितलं व्हतं."

आणि सकाळचा रिकामा कप उचलून त्या बाहेर गेल्या.